पावसाळी किनाऱ्यावर शिडाच्या बोटीतून दोघं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नवरा-बायको बेळगावचे. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून चाळीस दिवस आम्ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बत्तीस फुटी शिडाच्या बोटीतून हिंडलो. परत आल्यापासून शहापूर, खानापूर, निपाणी, चंदगड, अगदी कारवारहूनही विचारणा सुरू आहे. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथं क्रमांक दिलाय.

१. वहिनी, नेमकं कुठं गेला होता? नकाशात सापडत नाही.

नकाशात व्हँकूव्हर शोधा. त्याच्या पश्चिमेला व्हँकूव्हर आयलंड नावाचं साडेचारशे किलोमीटरहून लांब बेट आहे. त्या बेटावरच्या नानाइमो गावातून निघालो, बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पाण्यातून वायव्येला गेलो, बेट संपल्यावर उघडा समुद्र ओलांडला आणि बेला बेला या गावापर्यंत जाऊन परतलो. आमच्या लॉगबुकात ६५० सागरी मैल भरले, म्हणजे १,२०० किलोमीटर. बेटाच्या उत्तर टोकाजवळचं पोर्ट हार्डी मागं पडलं की पुढं रस्ता असलेलं गाव क्वचितच लागतं. डोंगर सरळ पाण्यात उतरतात, देवदार-स्प्रूसचं जंगल भरतीच्या रेषेपर्यंत येतं, आणि दोन-दोन दिवस दुसरी बोट दिसत नाही.

२. उन्हाळी सफर म्हणता, मग फोटोत सगळीकडं पाऊस कसा?

तो त्यांचा उन्हाळा, जून ते ऑगस्ट. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत कोसळतो. उन्हाळ्यात त्यातल्या त्यात कमी, तरी आमच्या चाळीस दिवसांत सतरा दिवस भिजलेले होते.

कारण आपल्याच घराजवळचं आहे. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि रिती होते. आपल्याकडं आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, बेळगाव शहरात १,३०० च्या आसपास, आणि अथणीकडं जेमतेम पाचशे-सहाशे. कणकुंबीहून अथणीला गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तिथंही तसंच आहे. किनाऱ्यावरच्या ओशन फॉल्सला चार हजार मिलिमीटरहून जास्त, तर डोंगरापलीकडच्या कॅम्लूप्सला तीनशेसुद्धा नाही.

फरक आहे तो पावसाच्या जातीत. खानापूरकडचा पाऊस अंगावर येतो, कौलं वाजवतो. तिथला बारीक, न थांबणारा, आवाज न करणारा. आणि थंड. जुलैत दुपारी बारा-तेरा अंश, वर वारा. आपली पावसाची सवय उपयोगी पडते, थंडीची सवय मात्र आपल्याला नसते.

३. पाऊसच बघायचा तर चोर्ला, आंबोली काय कमी आहे? नाहीतर कोकणातच चालवायची की बोट.

कमी काहीच नाही, माझं माहेर खानापूर तालुक्यातलं आहे. पण आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात शिडाची छोटी बोट काढता येत नाही. नैऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर ढकलतो, लाटा उघड्यावरून येतात, आणि आडोसा देईल अशी बेटांची रांग आपल्याला नाही. म्हणून तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. आपल्याकडं शीड उभारायचं ते ऑक्टोबर ते मे, कोरड्या दिवसांत. तिथं मोठमोठी बेटं समुद्राला अंगावर घेतात आणि आतल्या खाड्या शांत राहतात. पाऊस, जंगल आणि शांत पाणी एकत्र मिळणारे किनारे जगात थोडेच आहेत.

४. काकू, बोट चालवायला शिकला कुठं?

यजमान नौदलात वीस वर्षं होते. निवृत्तीनंतर चिकोडीला शेतावर राहायचं ठरलं होतं, पण पाण्याची ओढ सुटली नाही. मी मात्र बावन्नाव्या वर्षी शिकले. चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं, दोन दिवस सराव करायचा, परत यायचं, असे तीन हिवाळे. नवऱ्याला येतंय म्हणून आपण नुसतं बसून जायचं हा विचार करू नका. का, ते प्रश्न १५ मध्ये सांगितलंय.

बोट यांच्या नौदलातल्या एका जुन्या मित्राची, जो आता तिकडंच स्थायिक झालाय. भाड्यानंही बोटी मिळतात, पण बेटाच्या टोकाच्या पुढं न्यायची तर बरेच मालक तुमचा अनुभव तपासतात, आणि ते योग्यच आहे.

५. कागदपत्रं काय लागली?

प्रवासी व्हिसा तर आहेच. कॅनडात नोंदलेली, इंजिन असलेली बोट चालवायची असेल तर परदेशी पाहुण्यालाही प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड किंवा त्याच्या तोडीचा दाखला लागतो. आम्ही दोघांनी परीक्षा देऊन कार्ड काढलं. बोटीवरून बोलायचा व्हीएचएफ रेडिओ वापरायला वेगळं प्रमाणपत्र असतं, तेही दोघांनी. बोट मित्राची असल्यानं मालकाचं लेखी पत्र आणि विम्यात आमची नावं हवी होती. विमा कंपनीनं पहिल्यांदा नावं चुकीची छापली. ती दुरुस्त होईपर्यंत आम्ही चार दिवस धक्क्यालाच थांबलो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम आहे ना, घरून निघायच्या आधी बघा.

६. मला पोहता येत नाही. चालतंय काय?

पोहता येणाऱ्याचाही तिथं पोहण्यानं जीव वाचत नाही, हे आधी समजून घ्या. पाणी बहुतेक ठिकाणी दहा-बारा अंश. तिथं शिकवतात ते असं: पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणायचा, कारण थंडीच्या धक्क्यानं माणूस पाणीच ओढून घेतो. पुढं दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे लाईफजॅकेट असेल तर वेळ आहे, नसेल तर नाही.

आमचा नियम एकच होता. केबिनच्या दारातून डोकं बाहेर काढायच्या आधी जॅकेट अंगात आणि पट्ट्याचा हूक दोराला. लघवीला रात्री उठलं तरी.

अपवाद डेसोलेशन साउंडचा. बेटाच्या दोन्ही टोकांकडून येणारी भरती तिथं भेटते, पाण्याची ये-जा कमी होते, म्हणून उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या वर जातं. तिथं मी डुंबले.

७. समुद्रात नदीसारखे धबधबे असतात म्हणालात. खरं काय?

अगदी खरं, आणि सफरीतलं सगळ्यात मोठं शिक्षण हेच. गोव्याला भरती-ओहोटीत पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं. तिकडं साडेचार-पाच मीटर. एवढं पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून सहा तासांत आत जातं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर येतं. सेमूर नॅरोजमध्ये उधाणाच्या दिवसांत वेग पंधरा नॉट्सपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो. आमची बोट इंजिनावर साडेपाच नॉट्स चालते, तेव्हा तिथं ताकद लावून काही होत नाही.

याच वाटेत रिपल रॉक नावाचा बुडीत खडक होता. त्यानं शंभराहून जास्त बोटी बुडवल्या किंवा फोडल्या आणि शंभराहून जास्त माणसं घेतली. शेवटी त्याच्या पोटात खालून बोगदा नेऊन ५ एप्रिल १९५८ ला सुमारे १,२७० मेट्रिक टन स्फोटकांनी त्याचा माथा उडवला. आज वरून जाताना काही दिसत नाही, पण भोवरे अजून आहेत.

उपाय म्हणजे थांबणं. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी काही मिनिटं स्तब्ध होतं. त्याची वेळ छापील तक्त्यात मिळते. आम्ही दोन तास आधी जाऊन मेंझीस बेमध्ये नांगर टाकला, चहा केला आणि केल्पकडं बघत बसलो. केल्प म्हणजे समुद्रातलं शेवाळ, पण दोरासारखं लांबलचक, टोकाला कांद्याएवढा फुगा. प्रवाह जोरात असतो तेव्हा फुगा पाण्याखाली ओढला जातो आणि पात्या एका दिशेला ताणून पडतात. जोर ओसरला तसा एकेक फुगा वर येऊ लागला. मग पात्या सैल झाल्या, कुठंच जायचं नसल्यासारख्या पसरल्या. हे घड्याळ न बघताच म्हणाले, "उचल नांगर." तक्त्यातली वेळ आणि केल्प यांत सहा मिनिटांचा फरक होता.

८. नांगर टाकला की रात्रभर निवांत झोप लागते काय?

हिशोब बरोबर असेल तर लागते. आमचा एकदा चुकला. फिट्झ ह्यू साउंडमधल्या एका खाडीत संध्याकाळी ओहोटी होती, खोली नऊ मीटर. नांगर सोडायचं काम माझं. मी ३५ मीटर साखळी सोडली, जवळजवळ चौपट, आणि समाधानानं आत आले. पण मोजायचं असतं ते भरतीच्या वेळचं पाणी, शिवाय नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची. नऊ अधिक साडेचार अधिक सव्वा, म्हणजे पावणेपंधरा मीटर. चौपट म्हणजे साठ मीटर साखळी हवी होती. पहाटे दोनला साखळीचा खरखर आवाज गादीतून अंगात उतरला. नांगर तळावरून घसरत होता. बाहेर आलो तेव्हा काळोखात देवदाराचा वास आला, इतकी झाडं जवळ. इंजिन लागलं म्हणून वाचलो.

त्यानंतर मी रोज हिशोब पाटीवर लिहू लागले आणि यांना वाचून दाखवू लागले. ज्या खाड्या खूप खोल आणि अरुंद, तिथं मागचा दोर किनाऱ्यावरच्या झाडाला नेऊन बांधतात. हे बोट धरून ठेवायचे आणि मी डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, वल्हवत जायचे. ओल्या खडकावर उतरताना घाई करू नका.

९. दोघंच दोघं चाळीस दिवस. भांडणं झाली नाहीत?

झाली, आणि त्यातली निम्मी शब्दांवरून. हे ओरडायचे "सोड", मला ऐकू यायचं "ओढ". वाऱ्यात या दोन शब्दांत काही फरक उरत नाही, आणि अर्थ बरोबर उलटे. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताची साल निघाली. मग ठरवलं की ओढायचं मराठीत, सोडायचं कानडीत. चिकोडीला यांच्या घरी दोन्ही भाषा, मलाही बाजारापुरती कानडी येते. "ओढ" आणि "बिडु". त्या दोन शब्दांत पुन्हा कधी गोंधळ झाला नाही. मी यांना "ओढा" आणि "बिडी" म्हणायचे, कारण वादळातही तोंडातून अहोजाहोच निघतं.

दुसरं, धक्क्याला लागताना किंवा नांगर टाकताना ज्याच्या हातात सुकाणू त्याचंच ऐकायचं. वाद नंतर, चहाबरोबर.

१०. खाण्यापिण्याचं काय केलं? शाकाहारी माणसाला जमेल?

चांगलं जमेल. छोटा प्रेशर कुकर सोबत घ्या. गॅस वाचतो, आणि हलत्या बोटीत झाकण बंद असलेलं भांडं हेच सुरक्षित. तांदूळ, डाळी, रवा, भाजणी, मेतकूट, आमसूल, शेंगदाण्याची चटणी. तांदूळ आपला बेळगावी बासमती न्यायचा हट्ट मी केला आणि दोन किलो नेला. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा. दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांचे नियम कडक असतात, म्हणून कुंदा घरीच ठेवला. कांदा, बटाटा, कोबी तीन आठवडे टिकले. कोथिंबीर चार दिवसांत गेली. पाण्याची टाकी दीडशे लिटरची, ती दोघांनी दहा दिवस पुरवली.

मासे खाणाऱ्यांनी प्रश्न १४ वाचल्याशिवाय गळ टाकू नये.

११. कपडे वाळतात तरी काय?

उन्हात नाही. बोटीत डिझेलवर चालणारा हीटर होता, त्याच्यावरच्या दांडीला मोजे, टोप्या, हातमोजे. आजीच्या घरी श्रावणात चुलीवरच्या दांडीला लुगडी वाळायची, तोच धुरकट-ओला वास. सुती कपडे नेऊ नका, भिजले की थंडी धरून ठेवतात. लोकर भिजली तरी ऊब देते. शेतात घोंगड्याची खोळ घेणाऱ्याला हे माहीत असतंच.

१२. हवामानाचा अंदाज कुठून कळतो? सगळ्यात अवघड पट्टा कोणता?

व्हीएचएफवर हवामानाचं प्रसारण अखंड चालू असतं. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे कॅनडाच्या या पश्चिमेकडच्या प्रांतात, अजून वीसहून जास्त दीपगृहांवर माणसं राहतात आणि ती प्रत्यक्ष बघून वारा, लाट, दृष्टिमर्यादा सांगतात. माझा त्या आवाजांवर यंत्रापेक्षा जास्त विश्वास बसला.

अवघड पट्टा केप कॉशनचा. बेटाचा आडोसा संपतो आणि पॅसिफिकची लाट सरळ येते. नावातच सावधगिरी आहे. कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरनं १७९३ मध्ये ठेवलेलं. आम्ही पोर्ट हार्डीजवळ तीन दिवस थांबलो. रोज पहाटे चारला उठून पाइन आयलंड आणि एग आयलंड दीपगृहांची नोंद आणि वेस्ट सी ऑटर बोयावरची लाटेची उंची ऐकायची. चौथ्या दिवशी लाट मीटरभर झाली, निघालो. थांबलेले दिवस वाया गेले असं समजणाऱ्यानं हा किनारा निवडू नये. परतीच्या विमानाआधी आठवडाभर मोकळा ठेवा.

धुक्याचं वेगळं. ऑगस्टमध्ये ते रोज सकाळी येतं. रडार असलं तरी भोंगा वाजवावाच लागतो. शिडावर चालताना एक लांब, दोन आखूड, दर दोन मिनिटांच्या आत. इंजिनावर चालताना एक लांब. आणि टगबोट (ओढून नेणारी बोट) दिसली की तिच्या मागं बार्ज, म्हणजे मालाचा सपाट तराफा, आहे का ते शोधा. दोघांच्या मधून कधीही जायचं नाही, मध्ये पाण्याखाली जाड तार असते.

१३. तिथली माणसं कशी? भाषेची अडचण आली काय?

इंग्रजी चालतं. पण बेला बेला हे हैल्ट्सुक लोकांचं गाव आहे. कॅनडाच्या सरकारनं १८८५ ते १९५१ या काळात या किनाऱ्यावरच्या मूळ लोकांचे पॉटलॅच, म्हणजे भेटवस्तू वाटायचे समारंभ, कायद्यानं बंद ठेवले होते. हैल्ट्सुकांनी २०१९ मध्ये आपलं मोठं सभागृह पुन्हा उभारलं, सुमारे १२० वर्षांनी पहिलं. देवदाराचे खांब दोघांच्या कवेत मावणार नाहीत एवढे. गावात पाट्यांवर त्यांची भाषा आहे, इंग्रजीत नसलेली अक्षरं वापरून लिहिलेली. दुकानातल्या आजींनी मला "धन्यवाद" त्यांच्या भाषेत तीनदा म्हणून घेतलं, नीट जमेपर्यंत सोडलं नाही. पाटीवर आपली अक्षरं असणं म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिले.

एक विनंती. काही बेटांवर त्यांची दफनस्थानं आहेत. नकाशावर रिकामं दिसतं म्हणून उतरू नका. गावात विचारा, ते सांगतात.

अस्वलांबद्दलही विचारतात. होय, दिसली. ओहोटीला किनाऱ्यावरचे दगड उलटून खेकडे खात होती. आम्ही बोटीतूनच पाहिली. उतरायचं झालं तर मोठ्यानं बोलत जायचं. देवमाशांपासून किमान शंभर मीटर लांब राहायचं. ओर्कांसाठी अंतर बरंच जास्त आहे आणि भागानुसार, वर्षानुसार बदलतं, तेव्हा निघण्याआधी ताजा नियम बघा.

१४. किनाऱ्यावर एवढ्या शिंपल्या पडलेल्या असतात. काढून खाल्ल्या काय?

नाही. कारवार-गोव्याकडच्या लोकांचा हा पहिला प्रश्न असतो म्हणून ठासून सांगते. काही सूक्ष्म शैवालांचं विष शिंपल्यांत साठतं, त्यानं स्नायू लुळे पडतात आणि श्वास बंद होतो. शिजवून ते जात नाही, चवीला-वासाला कळत नाही. कुठला भाग खुला, कुठला बंद, हे सरकार जाहीर करतं, ते बघितल्याशिवाय हात लावू नये. मासे आणि खेकड्यांना परवाना लागतो, मापही ठरलेलं. डंजनेस खेकडा पाठीवर १६५ मिलिमीटरहून लहान असेल तर परत पाण्यात.

शिवाय त्या शिंपल्या कुणाच्या तरी ताटातल्या आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेला बेलाजवळ एक टगबोट खडकावर बसली आणि लाखभर लिटरहून जास्त डिझेल पाण्यात गेलं. हैल्ट्सुकांची शिंपल्यांची जागा त्यात गेली. हे ऐकल्यावर माझा गळ टाकायचा उत्साहही मावळला.

१५. दोघांतला एक आजारी पडला तर? तिथं फोन लागत नाही म्हणता.

फोन लागत नाही. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र होतं. रोज संध्याकाळी मुलीला "ठीक" एवढंच जायचं. तिकडची संध्याकाळ म्हणजे इथली दुसऱ्या दिवसाची सकाळ, साडेबारा तासांचा फरक. जीवावरचं संकट आलं तर व्हीएचएफचा सोळा नंबर, तटरक्षक दल ऐकतं. बेला बेलात छोटं रुग्णालय आहे. रोजच्या गोळ्या दुप्पट न्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

पण खरं उत्तर असं की दुसऱ्याला एकट्यानं बोट आणता आली पाहिजे. सव्विसाव्या दिवशी यांची कंबर धरली. नांगर उचलल्यावर वाकले ते सरळ होईनात. धरून आत झोपवलं. शियरवॉटरचा धक्का अकरा मैलांवर, समोरून बारीक पाऊस. दोन तास सुकाणू माझ्या हातात होतं. वाटेत पाण्याबरोबर वाहणारे ओंडके असतात, कधी फक्त काळं टोक दिसतं, म्हणून डोळा हलवता येत नव्हता. धक्क्याला लागताना वारा बोटीला बाहेर ढकलत होता. पहिल्यांदा अंतर चुकलं, गोल वळून परत आले. दुसऱ्यांदा मधला दोर खुंटीत अडकवला, इंजिन हळू पुढं ठेवलं, बोट आपोआप चिकटली. मग पुढचा दोर, मग मागचा.

आतून आवाज आला, "बांधलीस काय?"

"बांधली," म्हटलं. "चहा टाकते."